दीपमाळ बँकेची घंटा

"घंटेची दोरी कोणत्या हाताने ओढता तुम्ही?" निरीक्षक बर्ग्यांनी मला विचारलं.

"उजव्या."

"लिहा, उजव्या," ते शेजारच्या हवालदाराला म्हणाले आणि पुन्हा माझ्याकडे वळले. "आणि त्या दिवशी तुमचा उजवा हात कुठे होता?"

"दोरीवर."

"नक्की?"

मला कुणी 'नक्की का' असं विचारलं की मी विचारात पडतो. नाव विचारून 'नक्की?' म्हटलं तरी पडेन. मी म्हणालो, "सुरुवातीला दोरीवर होता. नंतर नव्हता."

हवालदार हसला. बर्गे हसले नाहीत.

धारवलीच्या सार्वजनिक वाचनालयात आम्ही बसलो होतो. मी तिथला ग्रंथपाल. पेपर वाचायला येणारी नेहमीची मंडळी बाहेर पायरीवर ताटकळत होती, कारण दारातली पोलिसांची जीप पाहून आत यायला कुणी धजत नव्हतं. वाचनालयात पोलीस येण्यासारखं माझ्या हातून काही घडेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसतं. मलाही नव्हतं वाटलं.

पण मी दीपमाळ नागरी सहकारी बँकेचा संचालकही होतो. बँकेतलं मला काही कळतं म्हणून नव्हे. सगुणाक्का धोत्र्यांना संचालक मंडळावर असा एक माणूस हवा होता, ज्याला कधीच कर्ज नको असेल. त्या निकषावर गावात मी एकटाच उरलो. अक्का स्वतः विडी कामगार. विड्या वळणाऱ्या बायकांना मोठ्या बँकेत कुणी खुर्चीही देत नाही, या रागातून त्यांनी ही बँक उभी केली आणि अध्यक्षा झाल्यावरही घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत राहिल्या.

बँकेच्या दाराशी एक पितळी घंटा होती, एका बंद पडलेल्या शाळेतून आणलेली. रोज एका संचालकाची पाळी असे. चार वाजले की त्याने दोरी ओढायची, म्हणजे त्या दिवसाचं कामकाज संपलं. मात्र घंटा होण्याआधी जो उंबऱ्याच्या आत आला, त्याचं काम झाल्याशिवाय त्याला परत पाठवायचं नाही. बायका कारखान्यात विड्या देऊन धावतपळत यायच्या. तिथला मुकादम विड्या तपासून, खराब ठरवलेल्या मोडून, उधळून त्यांना कधी सोडेल याचा नेम नसे. म्हणून अक्कांनी हा रिवाज पाडला होता आणि तो कुणी मोडलेला नव्हता.

"बुधवारी तुमची पाळी," बर्गे म्हणाले. "आणि बुधवारीच वरून आदेशाचा फॅक्स आला."

"हो. तीनच्या सुमाराला."

"काय होतं त्यात?"

"आजचं कामकाज संपल्यापासून बँकेवर निर्बंध. कुठल्याही खातेदाराला हजार रुपयांच्या वर द्यायचे नाहीत."

"आणि तुमच्या बँकेचं कामकाज संपतं कधी?"

"घंटा झाली की."

"आणि घंटा झालीच नाही."

"नाही."

बर्ग्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज मऊ झाला. "हे बघा उपासनी, तुम्ही पुस्तकातले माणूस. तुम्हाला यात ओढायची माझी इच्छा नाही. सगळ्यांनी पाहिलंय. तुम्ही दोरी धरून उभे होतात. धोत्रेबाई उठून तुमच्यापाशी आल्या, कानात काहीतरी बोलल्या आणि परत जाऊन बसल्या. त्यानंतर तुम्ही दोरी सोडलीत. पुढे दिवेलागणीला तिजोरी रिकामी होईपर्यंत पैसे वाटले गेले. त्या कानात काय बोलल्या, एवढंच तुम्ही कोर्टात सांगायचं. सांगितलंत तर साक्षीदार, नाही सांगितलंत तर आरोपी. बाईंनी तर स्वतःच कबूल केलंय, घंटा मी थांबवली म्हणून. पण कोर्टात मला ते दुसऱ्याच्या तोंडून हवं."

"साहेब, एक विचारू?"

"विचारा."

"महामेरूच्या अध्यक्षांना बोलावलंत का?"

बर्ग्यांनी पेनाला टोपण लावलं. महामेरू ही मुंबईची बडी बँक. आमच्यासारख्या लहान बँका आपली शिल्लक तिच्याकडे ठेवत. तिने ती शेअर बाजारातल्या चार सटोडियांच्या हातात दिली, बाजार कोसळला आणि आमची शिल्लक परत द्यायला तिच्याकडे काही उरलं नाही. आमच्यावर निर्बंध आले ते यामुळे.

"तो विषय वेगळा आहे," बर्गे म्हणाले.

"तिथेही कुणकुण लागल्यावर बँक बंद झाल्यानंतर बड्या खातेदारांना पैसे काढू दिले. नुसत्या फोनवर. पेपरात आलंय."

"त्यावर दंड होईल. ते भरतील. मिटेल."

"अटक नाही?"

"उपासनी, ती बँक बुडाली तर देशभर हाहाकार उडेल. तिला सांभाळून घ्यावं लागतं."

"आणि आम्ही बुडालो तर?"

"तुम्ही बुडालातच की," ते म्हणाले. त्यात कुचेष्टा नव्हती. पावसाळा संपला, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं आणि टोपी उचलली.

कुमुद, माझी बायको, त्या संध्याकाळी मेथी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"मग सांगून टाका की, काय म्हणाल्या ते. अक्कांनी स्वतःच लिहून दिलंय ना?"

"दिलंय."

"मग तुम्ही कुणाला बुडवताय असंही नाही. त्या आधीच बुडाल्यात."

"बर्गेही असंच काहीतरी म्हणाले."

"शहाणा दिसतो." तिने एक काडी बाजूला टाकली. "अहो, दारावरच्या कोथिंबीरवाल्याला तुम्हाला कधी नको म्हणता आलं नाही. सुकलेली जुडी घेऊन आत येता. तुमच्यासारख्या माणसाला तुरुंगात कोण जगू देईल? आणि मला एकटीला इथे कोण?"

तिने हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुमचं तोंड असं का झालंय? काय म्हणाल्या त्या नक्की?"

"भाजी निवडून झाली का?" मी म्हणालो. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तिच्या प्रश्नाला मी बगल दिल्याची ती पहिलीच वेळ. तिलाही ते कळलं असावं. तिने पुन्हा विचारलं नाही.

साक्षीच्या आधी मी अक्कांना भेटायला गेलो. त्या जामिनावर सुटून आल्या होत्या. घराच्या ओट्यावर सूप मांडीवर, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली पानं. बोटं चालू होती.

"या सर. बसा. पोतं घ्या खाली, ओटा गार आहे."

"अक्का, उद्या माझी साक्ष आहे."

"ठाऊक आहे. माझे वकील मुजावर सांगून गेले." त्यांनी विडीचं तोंड नखाने दुमडलं. "तुम्ही फक्त माझं नाव घ्या. अक्का म्हणाल्या, वाजवू नका. संपलं. पुढचं माझं मी बघते."

"तसं सांगू?"

"मग काय सांगणार? सर, मी मोर्च्यात चारदा आत जाऊन आलेय. तिथली आमटी कशी असते ते मला माहीत आहे. तुम्हाला चहात साखर कमी पडली तरी रात्रभर झोप लागत नाही."

"ती साखर जास्त झाली तर."

"तेच ते!" त्या हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "एक मात्र डोक्यात बसत नाही. विड्या वळणाऱ्या आमच्या गजराबाईचे पैसे गजराबाईला दिले, तर तो गुन्हा. गजराबाईचे पैसे सटोडियाला दिले, तर ती चूक. हा हिशेब कुणी मांडला असेल?"

मी उठलो. पायरी उतरताना त्यांनी हाक मारली.

"सर, कोर्टात मोठ्यानं बोला. तुमचं बोलणं तुमच्या सदऱ्यालाच ऐकू येतं."

जिल्ह्याच्या कोर्टात त्या दिवशी विडीवाल्या बायकांची गर्दी होती. एका दिवसाचा रोज बुडवून आल्या होत्या. आरोपीच्या जागी अक्का पदर खोचून उभ्या. मी शपथ घेतली ती इतक्या हळू, की न्यायाधीशांनी ती मला परत घ्यायला लावली.

सरकारी वकील सबनीस हसतमुख गृहस्थ होते. त्यांनी मला नाव, गाव, घंटा, पाळी, फॅक्स असं हळूहळू चालवत दोरीपाशी आणून उभं केलं.

"चार वाजले. तुम्ही दोरी हातात घेतलीत. तेव्हा आरोपी धोत्रेबाई तुमच्यापाशी आल्या?"

"आल्या."

"तुमच्या कानाशी काही बोलल्या?"

"बोलल्या."

"काय बोलल्या, ते कोर्टाला सांगा."

मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनी खूण केली, सांगा म्हणून.

"त्या म्हणाल्या, सर, वाजवा आता. इलाज नाही."

सबनीसांचं हसू तसंच राहिलं. त्यांना वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. "वाजवू *नका*, म्हणाल्या."

"नाही. वाजवा, म्हणाल्या."

"मग?"

"मी वाजवली नाही."

मागे कुणीतरी फसकन हसलं. हसणारा आमच्या गावचाच असणार, तो मला ओळखत होता. आणि आरोपीच्या जागेवरून अक्कांचा आवाज चढला, "साहेब, सर खोटं बोलतायत! मीच सांगितलं वाजवू नका म्हणून!"

"आरोपीने मध्ये बोलू नये," न्यायाधीश म्हणाले.

"मध्ये नाही, मी खरं बोलतेय!"

"अक्का, गप्प बसा हो," मुजावर वकील दबक्या आवाजात कळवळून म्हणाले, "तुमच्याच फायद्याचं चाललंय!"

सबनीसांनी मी फितूर झाल्याचं कोर्टाला सांगितलं आणि उलट प्रश्न विचारायची परवानगी घेतली. आता ते हसत नव्हते.

"उपासनी, तुम्ही गावात कशासाठी प्रसिद्ध आहात?"

"मी प्रसिद्ध नाही."

"भिडस्त म्हणून! कुणाला नाही म्हणत नाही म्हणून! आणि तुम्ही कोर्टाला सांगताय की वरून आदेश आलेला असताना, अध्यक्षा वाजवा म्हणत असताना, तुम्ही वाजवली नाहीत? का?"

हा प्रश्न मी स्वतःलाच अनेकदा विचारला होता. मोठ्याने उत्तर मात्र पहिल्यांदाच देत होतो.

"गजराबाई नावाची खातेदार दारात होती. तिचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता आणि एक बाहेर. माझा हात दोरीवर पाहून ती तशीच थांबली. घंटेआधी जो आत आला त्याला परत पाठवायचं नाही, असा आमचा रिवाज. ती आत आहे की बाहेर, हे मला ठरवता येईना. तिने लबाडीने दुसरा पाय उचलून आत टाकला असता तर माझी सुटका झाली असती. तिने टाकला नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग मी दोरी सोडली, म्हणजे तिला आत येता यावं."

"आणि?"

"ती आत आली. तिच्या मागे दुसरी तशीच उभी होती."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. माणूस भला असावा, कारण त्यांनी माझ्यासाठी एक दार उघडलं. "म्हणजे त्या घाईगर्दीत तुम्ही गोंधळून गेलात आणि घंटा वाजवायची राहून गेली. असंच ना?"

किती सोपं होतं. हो म्हटलं असतं तर अक्काही सुटल्या असत्या, मीही. माझ्याबद्दल हे कुणालाही पटलं असतं. उपासनी सर गोंधळले. आयुष्यभर मी गोंधळतच आलो होतो. बायकांमध्ये बसलेली कुमुद मला दिसली. ती ओठांनी 'हो म्हणा, हो म्हणा' असं सांगत होती.

"पहिल्या बाईपर्यंत गोंधळ होता, साहेब," मी म्हणालो. "दुसरीपासून नाही."

"याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?"

"कळतो. दोरी हाताशी होती. घड्याळ समोर होतं. तिजोरीत त्यांचेच पैसे होते. मी ठरवून वाजवली नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा वाजवणार नाही."

माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला असावा, कारण तिथून कुणीतरी "ऐकू आलं, सर!" असं म्हणालं आणि पट्टेवाला त्या दिशेने धावला.

सबनीस पुढे सरसावले. "आणि रांगेतल्या ज्या बायकांना दिवेलागणीला रिकाम्या हातानं परत जावं लागलं, त्यांचं काय? त्यांचे पैसे तुम्ही वाटून टाकलेत!"

तो घाव मात्र मला खरोखर लागला. आजही लागतो. त्या बायकांपैकी काही माझ्यासमोर बसल्या होत्या.

"त्यांचे पैसे महामेरूत आहेत," मी म्हणालो. "मी वाटलेले नाहीत. त्याच आठवड्यात तिथेही बंद झाल्यावर पैसे दिले गेले. त्यांच्यापैकी कुणी या पिंजऱ्यात उभं राहिल्याचं मी वाचलं नाही. रोजचे सगळे पेपर वाचणं हे माझं कामच आहे."

"इथे महामेरूचा खटला नाही," न्यायाधीश म्हणाले.

"इथे नाही, साहेब. कुठेच नाही. बहुतेक त्यांच्याकडे घंटा नसावी. नसलेली घंटा वाजवली नाही म्हणून खटला कुणावर भरायचा?"

"हे वगळा," न्यायाधीश लेखनिकाला म्हणाले. पण बायकांनी ते ऐकलं होतं आणि त्यांच्यातून ते वगळणं लेखनिकाला शक्य नव्हतं.

अक्का सुटल्या. माझ्यावर वेगळा खटला चालला आणि मला काही महिन्यांची साधी कैद झाली. ती कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. आमटीबद्दल अक्का बरोबर होत्या, एवढंच. तुरुंगातही पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. एका सकाळी पहिल्या पानभर जाहिरात होती. महामेरूला इतर मोठ्या बँकांनी मिळून पैसा पुरवला होता, तिचं नाव बदललं होतं आणि जुन्या अध्यक्षांच्या मार्गदर्शनाबद्दल जाहीर आभार मानले होते. मी ती जाहिरात मोठ्याने वाचली. बराकीतला एक पाकीटमार म्हणाला, "गुरुजी, आपण लोकांनी चुकीच्या आकाराचं काम धरलं."

सुटलो त्या दिवशी फाटकाबाहेर कुमुद उभी होती. जवळ आली, माझ्या सदऱ्याची कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "कोथिंबीरवाला विचारत होता तुम्हाला." तिच्या मागे एक टेम्पो होता, टेम्पोत बायका, आणि बायकांच्या मधोमध, लाकडी चौकटीला टांगलेली, आमची घंटा. बँकेचं सामान लिलावात निघालं तेव्हा विडीवाल्यांनी वर्गणी काढून ती घेतली होती. आज ती वाचनालयाच्या दारात आहे.

अक्का टेम्पोतून उतरल्या. माझ्याकडे खालून वर पाहिलं.

"बारीक झालात."

"आमटी."

"सांगितलं होतं." मग जरा जवळ येऊन त्यांनी आवाज खाली आणला, त्या दिवशी आणला होता तसा. "सर, एक विचारायचं राहिलंय. मी वाजवा म्हणाले, ते माझ्या मनातून नव्हतं. तोंडातून कसंबसं निघालं. तुम्हाला ते कळलं होतं, म्हणून वाजवली नाहीत. हो ना?"

मी विचार केला. खरं सांगावं की नाही, याचा.

"नाही अक्का. मला वाटलं, तुम्ही खरंच सांगताय."

"म्हणजे माझं खरंच ऐकलं नाहीत तुम्ही?"

"नाही ऐकलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसल्या, की फाटकावरचा शिपाई वळून पाहू लागला. गजराबाईने टेम्पोतून वाकून घंटेची दोरी माझ्या हातात दिली. बायकांच्या पदरांत पेढे तयार होते.

"वाजवा सर," अक्का म्हणाल्या. "आता तरी वाजवा. तुमच्या नावानं वाजवा."

दोरी माझ्या उजव्या हातात होती. मी टेम्पोतल्या बायकांकडे पाहिलं. त्यांतल्या काहींना मी चांगलं ओळखत होतो. त्या दिवशी दिवेलागणीला त्या उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या आणि त्यांचं काम झालेलं नव्हतं. अजूनही झालेलं नव्हतं. घंटा होईपर्यंत दिवस संपत नाही, हा रिवाज अक्कांनीच घालून दिलेला होता.

मी दोरी सोडून दिली.

अक्कांनी कपाळाला हात लावला. "बघा बायांनो," त्या म्हणाल्या, "या माणसानं पुन्हा माझं ऐकलं नाही."